आधी जमीन: इंडोनेशियातील खेड्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

फ्लोरेस बेटाच्या पश्चिमेला, मांगाराईच्या डोंगरांत वाए रेबो नावाचे गाव आहे. उंची समुद्रसपाटीपासून 1,100 मीटरच्या वर. शेवटची चढण पायीच चढावी लागते. गवताने आणि ताडवर्गीय झाडाच्या तंतूंनी शाकारलेली सात शंकूच्या आकाराची घरे, छप्पर थेट जमिनीपर्यंत उतरलेले, आणि मध्ये पूर्वजांचा दगडी ओटा. घरात पाच मजले असतात. तळाला माणसे राहतात, चूल पेटते. वरच्या माळ्यावर रोजचे धान्य, त्याच्या वर बियाणे, त्याच्याही वर पावसाने दगा दिला तर हाताशी असावा म्हणून राखलेला साठा, आणि अगदी टोकाला पूर्वजांचा नैवेद्य. यंदाचे खाणे, पुढच्या वर्षीचे पेरणे आणि न पिकलेल्या वर्षाची तजवीज या तिन्हींना इथे वेगवेगळा मजला आहे. शेतकरी कुटुंब जोखमीचा हिशेब कसा मांडते हे सांगणारे इतके स्पष्ट दुसरे घर मला माहीत नाही.

2008 मध्ये वास्तुविशारद योरी आंतार आणि त्यांचे सहकारी तिथे पोहोचले तेव्हा सातांपैकी चारच घरे उभी होती. पुढे गावकऱ्यांनी बाहेरच्या मदतीने उरलेली घरे जुन्या पद्धतीने बांधली, 2012 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला, आणि वाए रेबोची छायाचित्रे जगभर गेली. त्या छायाचित्रांत गावाचा निम्मा भाग मात्र दिसत नाही. वाए रेबोच्या लोकांचे खाली कोम्बो नावाचे दुसरे ठिकाण आहे. शाळा तिथे, भाताची जमीन तिकडे; वर कॉफी आणि पूर्वजांची घरे. माणसे वर्षभर या दोन ठिकाणांमध्ये ये-जा करतात. मुले शाळेसाठी खाली राहतात, कॉफी पिकली की हात वर लागतात. मानवशास्त्रज्ञ कॅथरीन ॲलर्टन यांनी 'पोटेंट लँडस्केप्स' या 2013 च्या ग्रंथात या दोन जागांच्या एका गावाचे फार सुंदर वर्णन केले आहे. डोंगरावरच्या लोकांनी खाली उतरून रस्त्याकडेला राहावे, असा इंडोनेशियन शासनाचा दीर्घकाळ आग्रह होता. लोक उतरले, पण वरचे सोडून नव्हे.

या अभ्यासक्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत मी मुद्दाम या गावापासून करतो आहे. दुर्गम गाव म्हटले की जगापासून तुटलेली, काळ थांबलेली वस्ती डोळ्यांसमोर येते. इंडोनेशियाच्या खेड्यांवर गेल्या शतकात जे उत्तम काम झाले, त्यातल्या बहुतेकांनी ही समजूत आपापल्या वाटेने खोडून काढली आहे. गाव एका जागी मावत नाही. त्याची माणसे मलेशियात असतात, त्याच्या मालाचा भाव दूरच्या बाजारात ठरतो, त्याच्या रानाचा नकाशा जकार्तातल्या मंत्रालयात असतो. तरीही 'या गावाचे पुढे काय होणार?' हा प्रश्न खराच आहे, आणि प्रत्येक संशोधकाला तो गावकरीच आधी विचारतात. माझ्या मते त्याचे उत्तर शोधायला सुरुवात जमिनीपासून करावी. जमीन कोणाकडे, किती, कोणत्या अटीवर आहे. आणि जो गाव सोडून जातो त्याचा तिच्यावरचा हक्क टिकतो की नाही. संस्कृती, धर्म, शासन, स्थलांतर या सगळ्या वाटा पुढे इथूनच फुटतात.

आता थोडे मागे, जावाकडे जाऊ. कारण हे क्षेत्र तिथेच घडले. 1830 मध्ये गव्हर्नर जनरल व्हान डेन बॉस यांनी सक्तीच्या पिकांची पद्धत आणली. गावाने आपल्या जमिनीचा आणि श्रमाचा ठरावीक भाग ऊस, नीळ, कॉफी अशा पिकांना द्यायचा आणि ती पिके सरकारने न्यायची. डच तिजोरी त्यावर पोसली गेली. मुल्तातुली या टोपणनावाने लिहिलेल्या 'माक्स हाव्हेलार' या 1860 च्या कादंबरीने नेदरलँड्समध्ये त्याविरुद्ध खळबळ उडवली. पुढे यूलिउस बुके यांनी वसाहतीत दोन अर्थव्यवस्था शेजारी शेजारी नांदतात असा सिद्धान्त मांडला: एक भांडवलाची आणि दुसरी गावाची, जिला नफ्याचे गणित लागू पडत नाही. शेतकऱ्याची गरिबी त्याच्या मनोवृत्तीत शोधण्याची सवय इथून रुळली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी 1950 च्या दशकात पूर्व जावातील पारे या लहान शहरात काम केले. लिखाणात त्यांनी त्याला मोजोकुतो असे नाव दिले. 1963 मध्ये त्यांचे 'ॲग्रिकल्चरल इन्व्होल्यूशन' आले आणि या क्षेत्राला पुढची कित्येक दशके पुरेल असा वाद मिळाला. म्हणणे थोडक्यात असे: पाण्याखालच्या भातखाचराला, म्हणजे सावाहला, जितके हात लावाल तितके ते सामावून घेते. रोपे अधिक काळजीने लावा, तण अधिक वेळा काढा, बांध अधिक नीट राखा, उत्पन्न थोडे वाढते. डच ऊस त्याच खाचरांत आलटून पालटून घेतला जात होता आणि लोकसंख्या वाढत होती. त्यामुळे शेती बाहेर पसरण्याऐवजी आतल्या आत अधिकाधिक गुंतागुंतीची होत गेली. दर हेक्टरी भात वाढला, दर माणशी तेवढाच राहिला, आणि गावाने काम आणि अन्न वाटून घेत घेत दारिद्र्यही वाटून घेतले. पुस्तक लहान आहे, शैली मोहात पाडणारी आहे. नव्या वाचकाने ते जरूर वाचावे, आणि ते वाचून झाल्यावर लगेच त्याचे टीकाकार वाचावेत.

टीकाकारांनी जे दाखवले त्याचे सार एका कापणीत सांगता येईल. जावातल्या बायका भात आनी-आनीने कापत. हे तळहातात मावणारे पाते: लाकडाच्या छोट्या फळीत बसवलेले, आडव्या बांबूच्या दांडीने धरायचे आणि बोटांनी एकेक लोंबी पात्यावर ओढून तोडायची. जुन्या उंच जातींच्या लोंब्या एकाच वेळी पिकत नसत, म्हणून ही एकेक लोंबी निवडण्याची रीत सोयीची होती. पात्याची चाहूल भाताची देवता देवी श्री हिला लागू नये, अशीही श्रद्धा होती. कापायला कोणीही यावे, मालकाने नाही म्हणू नये, आणि कापलेल्या भाताचा वाटा घेऊन जावे. या वाट्याला बावोन म्हणत. नातेवाइकाला पाचवा हिस्सा, परक्याला दहावा किंवा त्याहून कमी, असे त्याचे दर नात्याप्रमाणे बदलत. दुरून पाहणाऱ्याला हे वाटून खाणे दिसले. जवळ जाऊन मोजणाऱ्याला त्यातल्या पायऱ्या दिसल्या.

मग हरितक्रांतीचे ठेंगणे वाण आले. ते एकदम पिकतात आणि दाणे सहज गळतात, म्हणून त्यांना विळा बरा. त्याच सुमारास तेबासान पसरले. कापणीआधी काही दिवस मालक उभे पीक व्यापाऱ्याला विकून मोकळा होतो. व्यापारी आपली माणसे आणि विळे घेऊन येतो, आणलेला तराजू बांधावर टांगतो, आणि गावातल्या बायका बांधाच्या बाहेर राहतात. मालकाला 'या' म्हणण्याचे बंधन उरत नाही, कारण पीक त्याचे राहिलेलेच नसते. विल्यम कॉलियर आणि त्यांच्या इंडोनेशियन सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला हे बारकाईने नोंदवले. त्याच काळात लहान भातगिरण्या आल्या आणि उखळात भात कांडून बायकांना मिळणारी मजुरीही गेली. भात वाढला, हे खरे. 1984 मध्ये देशाने तांदळाबाबत स्वयंपूर्णता जाहीर केली, तीही खोटी नव्हती. पण ज्यांच्याकडे खाचर नव्हते त्यांचा भातावरचा हक्क एका दशकात आक्रसला, आणि उत्पादनाच्या आकड्यांत त्याची नोंद होत नाही. माझ्या मते या क्षेत्राने जगाला दिलेला सर्वांत मोठा धडा हा आहे.

बेन व्हाइट यांनी 1972-73 मध्ये योग्याकार्ताजवळच्या एका गावात राहून माणसे दिवसाचे तास कशात घालवतात हे मोजले; मुलांचे तासही मोजले. 'काली लोरो' या टोपणनावाने ते गाव अभ्यासकांना ठाऊक आहे. घरामागच्या पेकारांगानमध्ये, म्हणजे नारळ, केळी, फणस, कसावा यांच्या दाट परसबागेत, आणि नारळाचा गूळ, चटया, लहानसहान व्यापार यांत किती श्रम जातात हे तिथे उघड झाले. ज्याला खाचर नाही तो रिकामा बसत नाही. तो कमी मोबदल्याची जास्त कामे करतो. गिलियन हार्ट यांनी हेच सूत्र सत्तेपर्यंत नेले: मजुरी कोणाला द्यायची हे ज्याच्या हातात, गाव त्याच्या हातात.

इंडोनेशियन अभ्यासकांचे काम या चर्चेत अनेकदा तळटिपांत टाकले जाते, आणि ते मला फार खटकते. कुंचरानिंग्रात यांनी 1960 च्या दशकात वेगवेगळ्या बेटांवरच्या खेड्यांची वर्णने एकत्र करून ग्रंथरूपात आणली. बोगोरचे समाजशास्त्रज्ञ साजोग्यो यांनी 1977 मध्ये दारिद्र्याची रेषा तांदळात मोजली: खेड्यात माणशी वर्षाला 320 किलो तांदळाच्या किमतीपेक्षा कमी खर्च असेल तर तो गरीब. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये भारतातील दारिद्र्य उष्मांकांच्या आधारे मोजले होते, हे मराठी वाचकाला आठवेल. दोन्हीकडे गरिबाच्या ताटापासून सुरुवात करायची हा आग्रह सारखा होता. साजोग्यो यांच्या पत्नी पुजिवाती साजोग्यो यांनी ग्रामीण स्त्रियांच्या श्रमावर महत्त्वाचे काम केले, आणि गुनावान विरादी यांनी जमीनसुधारणेचा प्रश्न, तो उच्चारणेही जोखमीचे होते अशा काळात, जिवंत ठेवला.

जोखमीचे का, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. 1960 मध्ये मूलभूत जमीन कायदा झाला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने कमाल धारणा ठरवली आणि प्रत्येक शेतकरी कुटुंबाकडे किमान 2 हेक्टर जमीन असावी हे उद्दिष्ट लिहून ठेवले. अंमलबजावणी रखडली, तेव्हा साम्यवादी पक्षाशी जोडलेल्या शेतकरी संघटनेने जमिनी स्वतःच ताब्यात घ्यायला सुरुवात केली. 1965-66 मध्ये लष्कराच्या पुढाकाराने साम्यवाद्यांविरुद्ध झालेल्या हत्याकांडात 5 लाखांच्या आसपास किंवा त्याहून अधिक माणसे मारली गेली, असे इतिहासकार मानतात. मध्य आणि पूर्व जावा, बाली, उत्तर सुमात्रा इथल्या खेड्यांवर सर्वांत मोठा घाव बसला. त्यानंतर तीन दशके जमीनवाटपाची मागणी करणारा माणूस संशयित ठरत असे. 1970 च्या दशकातील सगळी क्षेत्रकार्ये या सावटाखाली झाली आहेत. जावातल्या शेतमजुराने 'आमच्याकडे भांडण नाही' असे संशोधकाला सांगितले असेल, तर ते वाक्य वाचताना तारीख पाहावी. अहमद तोहारी यांच्या 'रोंगेंग दुकुह पारुक' या 1982 पासून प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत्रयीत बान्युमासच्या एका एकाकी वस्तीवर हा इतिहास कसा कोसळतो ते दिसते. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही ती वाचावी.

जावाबाहेर, डोंगराळ आणि तुरळक वस्तीच्या बेटांवर, प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तिथे कालपरवापर्यंत जमीन कमी नव्हती, हात कमी होते. झाडी तोडून जाळायची, दोन-तीन वर्षे भात, मका, कसावा घ्यायचा, मग रान पुन्हा वाढायला सोडून पुढे जायचे, अशी ही फिरती शेती. तिला लादांग म्हणतात. मायकल डव्ह यांनी पश्चिम कालिमंतानमध्ये दाखवले की ही शेती उधळपट्टीची नाही. जिथे श्रम दुर्मीळ तिथे श्रमाला सर्वांत चांगला मोबदला तीच देते. मांगाराईत तर वाटपाची रीत नजरेने पाहता येते. सामुदायिक शेताच्या, म्हणजे लिंगकोच्या, मध्यभागी खुंटा रोवतात आणि तिथून कडेपर्यंत पाचरींसारखे तुकडे पाडतात. केंद्राशी रुंदी बोटांनी मोजायची. वाटप करणारा वडीलधारा वेगळा असतो, त्याला तुआ तेनो म्हणतात. रुतेंगजवळच्या चांचार इथल्या टेकडीवरून कोळ्याच्या जाळ्यासारखी ही शेते दिसतात. घराण्याचा दर्जा आणि गरज पाहून तुकडा मिळतो. सगळ्यांना सारखा मिळत नाही, पण कोणी अगदी वंचितही राहत नाही.

या व्यवस्थेत झाड लावले की काय होते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. जो रान तोडतो, पीक त्याचे. पण पीक निघाल्यावर जमीन पुन्हा सगळ्यांच्या साठ्यात जाते, आणि काही वर्षांनी दुसरा कोणी ती कसू शकतो. झाड मात्र लावणाऱ्याचे असते आणि ते वीस-पंचवीस वर्षे उभे राहते. ते उभे आहे तोवर खालची जमीन साठ्यात परत जातच नाही. म्हणजे कोणतीही सभा न होता, कोणताही कायदा न बदलता, एकेका रोपाने सामायिक जमीन खासगी होत जाते. तानिया मरे ली यांनी मध्य सुलावेसीच्या लाउजे डोंगरांत 1990 पासून जवळजवळ वीस वर्षे हे घडताना पाहिले. त्यांचे 'लँड्स एंड' हे 2014 मधील पुस्तक या क्षेत्रात मला सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते. तिथे बाहेरून कोणी कंपनी आली नाही, जमीन कोणी बळकावली नाही. लोकांनीच सुखाच्या आशेने कोको लावला. ज्यांनी आधी आणि अधिक लावला त्यांचे बरे झाले. ज्यांना औषधपाण्यासाठी, कर्जासाठी तुकडा विकावा लागला ते शेजाऱ्याच्या बागेत मजूर झाले. नवे रान तोडायला उरले नव्हते, आणि गाव सोडून जावे तर त्यांना सामावून घेणारे काम दुसरीकडेही नव्हते. गावाने एकजुटीने बाजाराला तोंड द्यावे, असे सांगणाऱ्या चळवळींना या पुस्तकाने दिलेला प्रश्न अजून सुटलेला नाही.

भाव तर गावाच्या हातात कधीच नव्हता. 1997 च्या मध्याला डॉलरला सुमारे 2,400 रुपिया पडत होते. 1998 मध्ये काही दिवस हा आकडा 15,000 च्या पलीकडे गेला. जावातल्या शहरांत कारखाने बंद पडत होते आणि त्याच वेळी सुलावेसीच्या कोकोवाल्याच्या हातात रुपियांचा ढीग येत होता. लवंगेचे उलट झाले: 1990 च्या दशकात राष्ट्राध्यक्षांच्या मुलाच्या मक्तेदारी मंडळाने खरेदीभाव पाडले आणि कित्येक शेतकऱ्यांनी झाडांकडे पाहणेच सोडले. दुर्गम गावाला अशी दोन्ही टोके सोसावी लागतात, आणि रस्ता वाईट असला की व्यापाऱ्याचा कापही मोठा असतो.

वर शासनाचा नकाशा. देशाच्या जवळजवळ दोन-तृतीयांश भूभागावर 'वनक्षेत्र' असा शिक्का आहे. त्यात प्रत्यक्षात गावे, बागा, दफनभूमी सगळे येते. मांगाराईत कॉफीच्या बागा वनक्षेत्रात आहेत म्हणून प्रशासनाने त्या तोडल्या, शेतकऱ्यांना पकडले, आणि 10 मार्च 2004 रोजी रुतेंगमध्ये जमावावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. 2013 मध्ये घटनात्मक न्यायालयाने परंपरागत समुदायांची वने ही राज्याची वने नव्हेत असा निर्णय दिला. निर्णय ऐतिहासिक आहे. प्रत्येक समुदायाला आपले अस्तित्व स्थानिक शासनाकडून आधी मान्य करून घ्यावे लागते, म्हणून त्याची फळे संथपणे मिळत आहेत.

ग्रामशासनाबद्दल इथे थोडक्यात. 1979 च्या कायद्याने जावाच्या धर्तीची देसा, म्हणजे ग्रामसंस्था, देशभर एकसारखी लादली; पश्चिम सुमात्रातील नागारीसारख्या जुन्या संस्था त्यात मोडल्या, काही 1999 नंतर परतल्या. 2014 च्या ग्रामकायद्याने देसाला थेट केंद्राचा निधी मिळू लागला: 2015 मध्ये सुमारे 74,000 गावांना मिळून 20 ट्रिलियन रुपियांहून अधिक, 2024 मध्ये 70 ट्रिलियनच्या घरात. पैसा मुख्यतः रस्ते, गटारे, नळ, पूल यांवर गेला आणि दूरच्या गावांना त्याचा खरा उपयोग झाला. जमिनीच्या वाटपाला मात्र तो स्पर्श करत नाही. सरपंचपदाची निवडणूक या निधीमुळे महागडी आणि चुरशीची झाली आहे. 2024 मध्ये ग्रामप्रमुखाची मुदत सहावरून आठ वर्षे करण्यात आली, आणि ते मला गावाच्या हिताचे वाटत नाही.

मग तरुणांचे काय? इंडोनेशियातही सरकारी अहवाल आणि वर्तमानपत्रे एकच खंत करतात: मुलांना शेती नको. व्हाइट यांनी 2020 च्या 'ॲग्रिकल्चर अँड द जनरेशन प्रॉब्लेम' मध्ये हा प्रश्न उलटून विचारला: मुलांना शेती देतो कोण? बाप साठीपर्यंत कसतो, नंतरही मालकी सोडत नाही. पंचविशीतल्या मुलाला किंवा मुलीला खंडाने घ्यायलाही जमीन मिळत नाही. 2023 च्या कृषिगणनेत दहापैकी सहा शेतकरी कुटुंबांकडे अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन निघाली. 1960 च्या कायद्यातले 2 हेक्टर आठवावेत. या मुलांनी गाव सोडले तर त्यात आळस किंवा शहरी चकचकाटाचा मोह शोधण्याचे कारण नाही. पूर्व जावाच्या मुली हाँगकाँग आणि तैवानमध्ये घरकाम करतात, फ्लोरेसचे पुरुष मलेशियातल्या सबाहच्या तेलताडाच्या मळ्यांत जातात. पाठवलेल्या पैशातून पक्के घर उभे राहते, भावंडांची फी जाते, आणि जमलेच तर जमीन घेतली जाते. त्याने जमिनीचा भाव वाढतो आणि जे कुठेच गेले नाहीत त्यांना ती आणखी दूर जाते. मुले आजीकडे वाढतात. परत येणारे पुष्कळ असतात, पण ज्याची जमीन भावाने कसायला ठेवली आहे त्याचे परतणे आणि ज्याची विकली गेली त्याचे परतणे यांत मोठा फरक आहे. मला कोणी गावाचे भवितव्य एका मोजमापात सांगायला लावले, तर मी हेच मोजेन: बाहेर गेलेल्यांपैकी किती जणांना परतायला जमीन आहे.

जमिनीसोबत भुकेचाही हिशेब मांडावा लागतो. फ्लोरेस ज्यात येते त्या नुसा तेंगारा बेटांवर 'लापार बियासा' म्हणतात, म्हणजे नेहमीची उपासमार. पाऊस सुरू झाला आहे, पीक तयार नाही, कणगी रिकामी, असे ते दोन-तीन महिने. शासनाच्या स्वस्त तांदळाने त्याची धार कमी केली आणि त्याबरोबर मका, कंद यांना ताटातून मागेही सारले. या बदलाची बेरीज-वजाबाकी गावागणिक करावी लागेल. सावू आणि रोते बेटांवरच्या ताडावर जगणाऱ्या समाजाचा जेम्स फॉक्स यांचा 'हार्व्हेस्ट ऑफ द पाम' हा 1977 चा अभ्यास यासाठी आजही उत्तम वाटाड्या आहे.

मराठी वाचकाने या क्षेत्रात पाहुण्यासारखे येण्याचे कारण नाही. यान ब्रेमन यांनी गुनावान विरादी यांच्यासह जावाच्या दोन गावांवर 2002 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. शहरातून परतलेल्या कामगारांना 1998 च्या संकटात गावाने पोटाशी धरले, या सुखद कथेला त्यांनी तिथे हादरा दिला. याच ब्रेमन यांनी त्याआधी खानदेशातून बारडोलीच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या ऊसतोड मजुरांवर लिहिले होते. एकाच अभ्यासकाच्या नजरेखाली आपला कोयता आणि जावाचा विळा आले आहेत. हे दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून वाचणारा मराठी विद्यार्थी असे काही प्रश्न विचारील, जे लायडन किंवा कॉर्नेलमधल्या विद्यार्थ्याला सुचणार नाहीत. फड, उचल, मुकादम हे ज्याने जवळून पाहिले आहे त्याला तेबासानचा व्यापारी समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून नव्या अभ्यासकांना एक विनंती. बहासा इंडोनेशिया शिका. ती रोमन लिपीत लिहिली जाते, तिला क्रियापदांची रूपे चालवावी लागत नाहीत, आणि पुस्तकी तयारी घरबसल्या होते. गावात गेल्यावर तिथली बोली वेगळी असेल, ती तिथल्या म्हाताऱ्यांकडून शिका. नवे, अस्पर्श गाव शोधत बसू नका. ज्याच्यावर तीस-चाळीस वर्षांपूर्वी कोणी प्रामाणिकपणे लिहिले आहे असे एक गाव निवडा, त्या ग्रंथातला जमिनीचा तक्ता सोबत न्या आणि त्यातले प्रत्येक कुटुंब आज कुठे आहे हे शोधा: कोण राहिले, कोण गेले, कोण परतले, कोणाची जमीन कोणाकडे गेली. बायकांना त्यांच्या नवऱ्यांसमोर आणि नवऱ्यांशिवाय, दोन्ही वेळा विचारा. आणि जे लिहाल त्याची एक प्रत, तिथल्या लोकांना वाचता येईल अशा भाषेत, त्या गावाच्या कार्यालयात द्या. हे बहुतेकांनी केलेले नाही, तुम्ही करा.